बेसबॉलची रोपवाटिका: मायनर लीगमधलं होतकरू पोरगं वर कसं चढतं

फ्लोरिडातलं एखादं छोटं मैदान. पाचवी इनिंग. एकोणीस वर्षांच्या पिचरनं समोरच्या संघाला अजून एकही धाव दिलेली नाही, आणि कोच संथपणे चालत येऊन त्याच्या हातातला चेंडू काढून घेतो. दुखापत नाही, दम लागलेला नाही. ७५ चेंडू टाकून झाले, एवढंच कारण. पुढच्या पिचरची धुलाई होते, जिंकलेला सामना जातो आणि कोचला कुणीही जाब विचारत नाही. क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला हे पचत नाही. पण मायनर लीगचं सगळं गणित या एका दृश्यात आहे. त्या पोराचा हात चार वर्षांनी कुठल्या तरी मोठ्या शहरात लागणार आहे, आणि आजचा सामना त्यापुढे किरकोळ आहे.

आपल्याला इथे पटकन रणजी आठवते, पण ती तुलना लंगडी पडते. मुंबईचा संघ रणजी करंडक जिंकायलाच उतरतो आणि तो मुंबईची निवड समिती निवडते. मायनर लीगमध्ये संघाचा मालक तिकिटं विकतो, मैदान राखतो, हॉटडॉगचे गाळे चालवतो. खेळाडू आणि कोच मात्र मेजर लीगमधल्या, म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या, क्लबचे, त्यांचे पगारही तोच देतो. आज शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षणाची जागा) कोण उभा राहणार, पिचर किती चेंडू टाकणार, कुणाला सक्तीची विश्रांती, हे वरून कळवलं जातं. ही पद्धत १९२० च्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकीनं बसवली. तयार खेळाडू विकत घ्यायला क्लबकडे पैसा नव्हता, म्हणून त्यानं छोटे क्लब हाताशी धरून आपली माणसं आपणच वाढवायला घेतली. तिकडे याला ‘फार्म’ म्हणतात. मराठीत रोपवाटिका जास्त चपखल बसेल, कारण इथे पीक काढायचं नसतं, रोप उपटून दुसरीकडे लावायचं असतं.

२०२१ मध्ये या व्यवस्थेची फेररचना झाली. मेजर लीगचे क्लब ३०, आणि प्रत्येकाचे पूर्ण हंगाम खेळणारे चार संघ. खालून वर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. असे एकूण १२०. त्यांच्याही खाली ॲरिझोना आणि फ्लोरिडातल्या सराव संकुलांवर चालणाऱ्या कॉम्प्लेक्स लीग आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली समर लीग. सिंगल-ए आणि हाय-एमध्ये हंगाम १३२ सामन्यांचा, डबल-एमध्ये १३८, ट्रिपल-एमध्ये १५०. साधारणपणे मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा सामने आणि सोमवारी सुट्टी. ती सुट्टीही बऱ्याचदा बसमध्येच जाते.

आत शिरायच्या वाटा दोन. अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको इथल्या मुलांसाठी जुलैतला ड्राफ्ट असतो. २० फेऱ्या, क्लब आळीपाळीनं नावं उचलतात. शाळा संपलेली मुलं आणि कॉलेजात तीन वर्षं काढलेले किंवा २१ वर्षांचे झालेले खेळाडू त्यात येतात. बाकी जगातल्या मुलांना, म्हणजे मुख्यतः डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलातल्या, सोळाव्या वर्षापासून थेट करार करता येतो. त्याची खिडकी १५ जानेवारीला उघडते. भाव कुठून कुठे जातो ते पाहा. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला पिचर पॉल स्कीन्स याला करारापोटी ९२ लाख डॉलर मिळाले. व्हेनेझुएलाच्या होसे अल्टुवेला ह्यूस्टननं १५ हजार डॉलरमध्ये घेतलं होतं, तेही उंची कमी म्हणून आधी चाचणीतून परत पाठवल्यावर. तो पुढे अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू ठरला. आल्बर्ट पुहोल्स १९९९ मध्ये तेराव्या फेरीपर्यंत शिल्लक राहिला होता. म्हणजे इतके पैसे ओतूनही सतरा-अठरा वर्षांच्या पोराचं भवितव्य वाचणं क्लबांना अजून पुरतं जमलेलं नाही.

होतकरू म्हणजे नेमकं काय

स्काउट, म्हणजे क्लबासाठी पोरं हेरणारे, खेळाडूला २० ते ८० अशा मापानं मोजतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, आणि दर दहा गुण म्हणजे सरासरीपासून एक ठळक पायरी दूर. ८० क्वचितच कुणाला मिळतात. बॅटरच्या पाच गोष्टी मोजल्या जातात: चेंडू बॅटवर घेणं, ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण. यातली मेख अशी की प्रत्येक गोष्टीला दोन आकडे पडतात, आजचा आणि उद्याचा. कॉम्प्लेक्स लीगमधल्या मुलाच्या नावापुढे ‘ताकद ३०, पुढे ६०’ असं लिहिलेलं असतं. हा दुसरा आकडा म्हणजे अंदाज. मुलाचे खांदे किती रुंद, मनगट किती जाड, अंगात अजून किती किलो स्नायू भरेल, बॅट किती वेगानं फिरते, यावरून बांधलेला. ‘होतकरू’ हा शब्द या दोन आकड्यांमधल्या अंतरावर उभा असतो, आणि ते अंतर भरून काढणं हे मायनर लीगचं काम.

पाचांपैकी धाव आणि फेक जवळजवळ जन्मजात असतात, ताकद अंग भरलं की येते. सगळ्यात अवघड आणि सगळ्यात फसवं असतं ते चेंडू बॅटवर घेणं. तो अंदाज चुकला की बाकीचे चार गुण नुसते शोभेला उरतात.

का अवघड, ते अंतर मोजून बघू. पिचरचा पाय टेकतो तिथून होमप्लेटपर्यंत, म्हणजे बॅटरच्या पुढ्यातल्या पाटीपर्यंत, १८.४४ मीटर. हात पुढे लांबवून चेंडू सोडेपर्यंत त्यातलं जवळपास दोन मीटर संपलेलं असतं. ताशी १५३ किलोमीटर वेगाचा फास्टबॉल हे अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो. बॅट फिरवायलाच त्यातले जवळपास ०.१५ सेकंद लागतात. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू कुठला, कुठे येणार, मारायचा की सोडायचा हे सगळं ठरतं. शिवाय आपल्यासारखा टप्पा पडत नाही, चेंडू हवेतच वळतो. स्लायडर निघताना फास्टबॉलच्याच वाटेनं निघतो आणि शेवटच्या काही मीटरांत बाजूला निसटतो. तो वळलेला दिसेपर्यंत बॅट निघालेली असते.

प्रत्येक पायरीचा प्रश्न वेगळा

सिंगल-एमध्ये प्रश्न साधा असतो: वेगाला पुरतोस का? इथल्या पिचरांकडे वेग असतो, ताबा नसतो. बॅटर धीर धरून उभा राहिला तरी वॉक मिळतो, म्हणजे चार चेंडू स्ट्राइकच्या पट्ट्याबाहेर (होमप्लेटवर, साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतचा) गेले की फुकटचा पहिला बेस. हाय-ए बरंचसं तसंच, जरा घोटून घेतलेलं.

खरी गाळणी डबल-एमध्ये लागते, आणि का लागते ते एका चेंडूवरून कळतं. समजा पहिले दोन चेंडू बाहेर गेले. २-०. आता पिचरला स्ट्राइक, म्हणजे पट्ट्यात पडलेला चेंडू, हवाच. सिंगल-एमध्ये तिसरा चेंडू डोळे मिटून फास्टबॉल समजावा, कारण त्या पोराला भरवशानं आत टाकता येतो तो तेवढाच. बॅटर त्याचीच वाट बघतो आणि चेंडू भिंतीपार जातो. अशा फटक्यांवर वर्षभराचे आकडे झकास दिसतात. डबल-एमधला पिचर २-० ला चेंजअप टाकतो. हाताचा झटका तोच, चेंडू मात्र ताशी १२-१५ किलोमीटरनं हळू. बॅटर वेळेआधी बॅट फिरवतो आणि सोपा झेल नाहीतर घरंगळता चेंडू देतो. पुढच्या वेळी तो चेंजअपची वाट बघतो, तर आत छातीजवळ फास्टबॉल. महिनाभरात सगळ्या लीगला त्याचं दुखणं ठाऊक होतं, कारण प्रत्येक चेंडूची नोंद प्रत्येक क्लबकडे असते. त्यावर स्वतःत बदल करून दाखवणारा पुढे जातो. जुन्याच सवयीवर आणखी जोर लावणारा तिथेच अडकतो. डबल-एमध्ये वर्षभर तग धरलेल्या खेळाडूबद्दल आशा बाळगायला हरकत नाही. त्याखालच्या आकड्यांवर माझा तरी फारसा विश्वास नाही.

ट्रिपल-ए ही नावाला सगळ्यात वरची पायरी, पण ती अर्धी प्रतीक्षालय आहे. मेजर लीगमधून उतरलेले तिशीतले खेळाडू, दुखापतीनंतर हात मोकळा करायला आलेले, आणि फोनची वाट बघणारी चार-दोन पोरं, असा तो संघ असतो. लीगचे नवे नियमही आधी मायनर लीगमध्ये घासून बघतात. पिचरला ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायला लावणारं घड्याळ २०२३ मध्ये मेजर लीगमध्ये आलं, त्याआधी ते इथल्या पोरांनी सोसलं होतं.

अर्जुन निम्मला हे नाव भारतीय वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. आईवडील मूळचे आंध्रातले, जन्म फ्लोरिडातला, लहानपणी हातात क्रिकेटची बॅट. टोरंटो ब्लू जेजनं २०२३ च्या ड्राफ्टमध्ये त्याला विसाव्या क्रमांकावर उचललं तेव्हा तो १७ वर्षांचा होता. २०२४ मध्ये सिंगल-ए ड्यूनेडिनकडून सुरुवातीला त्याचे फटकेच बसेनात. क्लबनं त्याला सामन्यांतून बाजूला काढून सराव संकुलात कामाला लावलं. याला विकासयादी म्हणतात. खेळाडू संघात मोजला जात नाही, आकडे बिघडायची भीती नाही, नुसती बॅट दुरुस्त करायची. परत आल्यावर तोच मुलगा चेंडू मैदानाबाहेर भिरकावू लागला आणि त्या हंगामात एकूण १७ होमरन झाले. २०२५ मध्ये हाय-ए व्हँकुव्हरला सुरुवात जोरात झाली, उत्तरार्ध मंद गेला. वय तेव्हा १९. त्या पायरीवर त्याच्या समोरचे बहुतेक जण त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे होते, हे न बघता नुसते आकडे वाचणारा त्याच्यावर अन्याय करील.

पिचरचं दुखणं कोपरात

पिचरची वाढ वेगळ्याच घड्याळावर चालते. आठवड्यातून एकदा सामना, बाकीचे दिवस त्याची तयारी. मंगळवारी टाकला तर बुधवारी हलकं पळणं आणि खांद्याचे व्यायाम, गुरुवारी लांबून फेकाफेक, शुक्रवारी सरावाच्या माउंडवर (पिचर उभा राहतो तो उंचवटा) २५-३० चेंडू, तेही एखादीच गोष्ट घोटायला, मग उतरती कळा आणि सुट्टी. क्लबागणिक तपशील बदलतो, पण शुक्रवारचे ते चेंडू सगळीकडे जपून मोजले जातात. शेजारी अतिवेगवान कॅमेरा आणि चेंडूच्या गिरक्या मोजणारं यंत्र लावलेलं असतं. मेजर लीगमधला सरासरी फास्टबॉल मिनिटाला २३०० च्या आसपास गिरक्या घेतो. बोटांची पकड शिवणीवर थोडी सरकवली की गिरकीचा आस बदलतो आणि चेंडू वेगळ्या बाजूला पळतो. पूर्वी ज्या बदलाला अख्खा हंगाम जायचा, तो आता दोन आठवड्यांत हाती लागतो.

सुरुवातीपासून पाच-सहा इनिंग टाकायच्या तर तीन प्रकारचे चेंडू लागतात, कारण एकच बॅटर दोन-तीनदा समोर येतो. दोनच असले तर शेवटी एखादी इनिंग टाकणारा रिलीव्हर म्हणून नोकरी, पगारही त्याच मानानं कमी. गोची अशी की खालच्या पायऱ्यांवर फास्टबॉल आणि स्लायडर एवढ्यावर बॅटर बाद होतात, त्यामुळे चेंजअप टाकायची गरजच पडत नाही. म्हणून क्लब फर्मान काढतो, सामन्यात इतके चेंजअप टाकलेच पाहिजेत. पोरगं टाकतं, मार खातं, सरासरी बिघडते. वर्तमानपत्रात आकडा वाईट आणि क्लबच्या वहीत शेरा चांगला, असं इथे सर्रास होतं.

आणि मग कोपर. कोपराच्या आतल्या बाजूला दंडाचं हाड आणि हाताचं हाड बांधून ठेवणारी एक अस्थिबंधनाची पट्टी असते. पूर्ण जोरानं फेकताना तिच्यावर जो ताण येतो तो ती जेमतेम पेलते. बाकीचा भार आजूबाजूचे स्नायू उचलतात, आणि थकल्यावर तेच स्नायू आधी हात वर करतात. म्हणून चेंडूंची मोजदाद, आणि म्हणून दरवर्षी इनिंग एकदम न वाढवता पंचवीस-तीसच्या पायरीनं वाढवणं. पट्टी फाटली तर मनगटाकडची किंवा मांडीतली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, काढून तिथे ओवतात. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर ती शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली, आणि नाव पडलं रुग्णाचं. परतायला १२ ते १८ महिने. इतकी मोजदाद करूनही हे प्रमाण कमी झालेलं नाही, कारण बढती वेगाला मिळते आणि वेगच पट्टी फाडतो. यावर अजून कुणाकडे धड उत्तर नाही.

कुमार रॉकर या पिचरचा रस्ता बघा. आईचं घराणं भारतातलं. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनं दहाव्या क्रमांकावर निवडला, पण वैद्यकीय तपासणीनंतर करार केलाच नाही. खांद्याची शस्त्रक्रिया झाली, तो मेजर क्लबांशी न जोडलेल्या एका स्वतंत्र लीगमध्ये खेळला आणि २०२२ मध्ये टेक्सास रेंजर्सनं त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. मे २०२३ मध्ये कोपर गेलं, टॉमी जॉन. जुलै २०२४ मध्ये कॉम्प्लेक्स लीगपासून पुन्हा सुरुवात, मग डबल-ए, ट्रिपल-ए, आणि १२ सप्टेंबर २०२४ ला सिएटलमध्ये मेजर लीगचा पहिला सामना.

त्याआधी २००८ मध्ये उत्तर प्रदेशचे दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, एका चेंडूफेक स्पर्धेतून निवडले जाऊन पिट्सबर्ग पायरेट्सच्या कॉम्प्लेक्स संघात पोहोचले होते. दोघांनी तोवर बेसबॉल खेळलेला नव्हता. रिंकू सिंगल-एपर्यंत गेला, मग त्याच्या हातानं दगा दिला. पुढे तो कुस्तीच्या रिंगणात उतरला. त्यांच्या हातात जोर होता. डॉमिनिकन मुलगा सातव्या-आठव्या वर्षापासून जे हजारो चेंडू टाकून आलेला असतो, ते विसाव्या वर्षी भरून काढायला दिवस पुरत नाहीत.

आकडे वाचताना

मायनर लीगमधल्या खेळाडूचं पान उघडलं की आधी वय आणि पायरी बघा. हाय-एमधला १९ वर्षांचा .२५० वाला (साधारण चार पाळ्यांत एक यशस्वी फटका) बॅटर त्याच पायरीवरच्या २४ वर्षांच्या .३२० वाल्यापेक्षा बहुतेक वेळा मोलाचा. मग बॅटिंग सरासरी सोडून स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) आणि वॉक बघा. सरासरीत नशिबाचा वाटा मोठा, ती स्थिरावायला शेकडो पाळ्या जातात. स्ट्राइकआउटचं प्रमाण साठेक पाळ्यांतच बोलू लागतं. सिंगल-एमध्येच तिसरा हिस्सा पाळ्या स्ट्राइकआउटमध्ये संपत असतील तर डबल-एमध्ये काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. तिसरं, मैदान. आल्बुकर्की समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे, विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि साध्या उंच फटक्याचा होमरन होतो. तिथल्या बॅटरचे आकडे जरा कमी धरून आणि पिचरचे जरा उदारपणेच वाचावेत. फ्लोरिडाच्या दमट हवेतल्या मोठ्या मैदानांवर उलटं.

कागदावरची शिडी

खेळ तयार झाला तरी जागा मोकळी लागते. मेजर लीगच्या संघात २६ जण, आणि त्यांच्यासकट ४० जणांची एक यादी. या चाळीसात नाव आल्यावर क्लबला खेळाडू तीन हंगाम खाली-वर करता येतो. याला ऑप्शन म्हणतात. हंगामात २० दिवस खाली काढले की एक ऑप्शन खर्ची. तिन्ही संपले की खाली धाडण्याआधी बाकीच्या २९ क्लबांना विचारावं लागतं, आणि त्यातला कुणीही त्याला उचलून नेऊ शकतो.

चांगलं पोरगं अडवून ठेवू नये म्हणून डिसेंबरात ‘नियम ५’ चा ड्राफ्ट असतो. १८ किंवा कमी वयात करार झालेल्याला पाच हंगामांत, १९ किंवा पुढच्याला चार हंगामांत चाळीसात घ्यावं लागतं, नाहीतर दुसरा क्लब एक लाख डॉलर देऊन त्याला नेऊ शकतो. नेणाऱ्यानं त्याला पुढचा पूर्ण हंगाम मेजर लीगमध्येच ठेवायचं, नाहीतर अर्ध्या पैशांत परत करायची तयारी दाखवायची. १९५४ मध्ये याच वाटेनं रॉबर्टो क्लेमेंटे डॉजर्सकडून पिट्सबर्गला गेला.

आणखी एक डाव दिवसांचा. मेजर लीगमधले १७२ दिवस म्हणजे नोकरीचं एक वर्ष, हंगाम साधारण १८७ दिवसांचा, आणि सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा. म्हणजे पोराला पहिले दोन-तीन आठवडे खाली बसवलं तर क्लबला तो एक वर्ष जास्त मिळतो. शिकागो कब्जनं २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला १७ एप्रिलला वर आणलं, वर्षअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक कमी. त्यानं तक्रार केली, २०२० मध्ये निकाल विरुद्ध गेला. २०२२ च्या करारात यावर तोड काढली: दोन्ही लीगमध्ये वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं. स्कीन्स ११ मे २०२४ ला आला, तरी असंच वर्ष पदरात पाडून गेला.

पैशांचं एवढंच. मायनर लीगचे खेळाडू २०२२ मध्ये संघटनेत आले आणि २०२३ च्या पहिल्या करारानं सिंगल-एचा किमान पगार वर्षाला ११,००० वरून २६,२०० डॉलर झाला, ट्रिपल-एचा ३५,८००. त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार होता ७,२०,००० डॉलर, आणि तो दिवसावर मोजतात, दिवसाला साधारण ३,८५०. वर कुणाचा तरी पाय मुरगळला, ट्रिपल-एच्या मॅनेजरनं रात्री दार वाजवून सांगितलं की सकाळचं विमान पकड, आणि दहा दिवसांनी परत पाठवलं, तरी खाली वर्षभरात मिळणाऱ्या रकमेहून जास्त हातात आलेले असतात. अशा धावत्या भेटीला तिकडे ‘कॉफीचा कप’ म्हणतात. पुष्कळांच्या वाट्याला तेवढाच एक कप येतो.